झाकलेल्या बाटल्यांच्या जेवणाला पहिल्यांदा जाताना

गजरा माळून जाऊ नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण ही चूक माझ्याकडून झाली आहे. एप्रिल महिना, मोगऱ्याचे दिवस, आणि मी ताजा गजरा माळून जेवणाला गेले. अशा जेवणात लेबलं झाकलेल्या बाटल्यांतली वाइन चाखून ती कोणती हे ओळखायचं असतं, आणि मग जेवायचं. टेबलाभोवती आठ माणसं, प्रत्येकापुढे सहा ग्लास. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या बाईंनी पहिल्या तिन्ही वाइनपुढे 'पांढऱ्या फुलांचा वास' असं लिहिलं. चौथ्या ग्लासाला त्या थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हा मोगरा तुमच्याकडून येतोय का?" मी गजरा काढून बाहेर व्हरांड्यात ठेवून आले. पण तोवर त्यांच्या तीन वाइन हातच्या गेल्या होत्या.

वाइनचं निम्म्याहून अधिक काम नाकाचं असतं, आणि आठ जणांची नाकं एकाच खोलीतली हवा वाटून घेतात. म्हणून अत्तर, डिओ, आफ्टरशेव्ह, सुवासिक तेल यातलं त्या संध्याकाळी काही नको. जेवण तुमच्याच घरी असेल तर दिवाबत्ती करा, पण उदबत्ती आणि कापूर दुपारीच उरकून घ्या. डासांची कॉइल तर अजिबात नको, पंखा लावा. दात घासायचे ते निदान तासभर आधी. पान, बडीशेप, लवंग, वेलची तोंडात टाकून येऊ नका. मी नाशिकची आहे आणि आमच्याकडे रविवार म्हणजे मिसळ, तरीही ज्या रविवारी रात्री असं जेवण असतं त्या सकाळी मी मिसळीवर पाणी सोडते. झणझणीत रश्श्याने पोळलेली जीभ संध्याकाळपर्यंत नीट ताळ्यावर येत नाही. सर्दी झाली असेल तर यजमानांना सरळ सांगा आणि फक्त जेवायला या. त्यात कमीपणा काही नाही.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षबागायतदाराचं. वडिलांकडे, म्हणजे नानांकडे, आधी सगळी थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं होती. नंतर त्यांनी दोन एकर वाइनची द्राक्षं लावली. मी शहरात एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि गेली सहा वर्षं आमचा आठ जणांचा गट दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असं जेवण करतो. कोणाकडे मोठा पगार आहे म्हणून नव्हे. प्रत्येकाने दरवेळी बाटली आणायची नसते. पाळीपाळीने सहा जण आणतात, उरलेले दोघं स्वयंपाक बघतात. बाटलीच्या किमतीला आम्ही वरची मर्यादा घालून घेतली आहे. ती मर्यादा नसती तर तिसऱ्या महिन्यातच हा गट मोडला असता.

बाटल्या झाकायच्या कशा

वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावलं की झालं, असं वाटतं. तेवढ्याने भागत नाही. बाटलीचे खांदे बोलतात. रुंद, काटकोनी खांद्यांची बाटली दिसली की मन आपोआप कॅबर्ने किंवा मर्लोकडे जातं. उतरत्या खांद्यांची दिसली की पिनो न्वार, शार्दोने, शिराझ. उंच, सडपातळ असली की रिस्लिंग. ही सगळी वाइनच्या द्राक्षांच्या जातींची नावं. झाकण आट्यांचं आहे की बुचाचं, हेही डोळा टिपतो. त्यामुळे सगळ्यात चांगलं म्हणजे स्वयंपाकघरात एकाने वाइन साध्या काचेच्या जगात ओतायची, जगांना १ ते ६ आकडे चिकटवायचे आणि रिकाम्या बाटल्या कपाटात टाकायच्या. ओतणारा माणूस त्या रात्री अंदाज बांधणाऱ्यांत नसावा. आमच्याकडे हे काम बहुतेक वेळा माझी जाऊ करते, तिला वाइन आवडत नाही पण बेत आवडतो. जग नसतील तर बाटलीच्या गळ्यावरची पन्नी पूर्ण सोलून काढा, झाकण खिशात टाका आणि जाड कागदी पिशवी गळ्यापर्यंत ओढून घट्ट बांधा.

काही ठिकाणी आधी यादी देतात: या सहा वाइन आहेत, कोणती कुठली ते ओळखा. काही ठिकाणी काहीच सांगत नाहीत. पहिल्यांदा जात असाल तर यादीवालं जेवण निवडा. सहा नावांशी सहा ग्लास जुळवताना शिकायला खूप मिळतं. अंधारात चाचपडताना नवख्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

तापमानाकडे यजमानांनी जातीने लक्ष द्यावं. रेड वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यायची हे वाक्य थंड देशातल्या खोलीचं आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीत ३४ अंश असतात, त्यात रेड नुसती दारूसारखी भपकारते. तिला १६ ते १८ अंश लागतात, म्हणून तेवढी उतरेपर्यंत आधी फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट दोन-तीन तास ठेवायची, पण ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढायची. फार गार वाइनला वासच येत नाही.

आधी लिहा, मग बोला

माझं पहिलं जेवण मुंबईत, एका मोठ्या हॉटेलात झालं. समोर व्हाइट वाइन आली. मी वास घेतला आणि कार्डावर लिहिलं, 'कच्चा पेरू, मीठ न लावलेला.' इतकं स्पष्ट होतं ते. बाजूचे गृहस्थ अनुभवी होते, खणखणीत आवाजात म्हणाले, "ग्रेपफ्रूट. सरळसरळ ग्रेपफ्रूट." टेबलावर सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मी, ज्या बाईने तोवर आयुष्यात ग्रेपफ्रूट एकदाच खाल्लं होतं, तिने पेरू खोडला आणि ग्रेपफ्रूट लिहिलं. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. ती खोडलेली ओळ बघितली की आजही वाईट वाटतं, कारण त्या ग्लासात काय होतं यापेक्षा मला काय जाणवलं हेच मी पुसून टाकलं होतं.

म्हणून आमच्या गटात एकच कडक नियम आहे. ग्लास आल्यावर पाच मिनिटं कोणीही बोलायचं नाही. 'हं' सुद्धा नाही, भुवई उंचावणंही नाही. वहीत पेनाने लिहायचं, पेन्सिलीने नाही, आणि लिहिलेलं खोडायचं नाही. पाच मिनिटांनी बोलायला सुरुवात करायची ती सगळ्यात नवख्या माणसाने. सगळ्यात जाणत्याने शेवटी. तुम्ही जिथे जाल तिथे हा नियम नसेल, तर निदान स्वतःपुरता पाळा: बाजूचा बोलायच्या आत तुमचे तीन शब्द कागदावर पडलेले असू द्यात.

शब्द आपलेच वापरा. वाइनच्या पुस्तकांत गूजबेरी, ब्लॅककरंट, सीडर असतं. ते लिहिणाऱ्यांच्या परसात ती झाडं होती म्हणून. आपल्या परसातलं आपण लिहावं: करवंद, जांभूळ, कवठ, ओली चिंच, आवळा, भिजवलेले मनुके, पावसाआधीची माती, नवी कोल्हापुरी चप्पल, तापलेलं लोखंड, तूप कढवताना खाली उरलेली बेरी. माझ्या वहीत एका ओकच्या पिंपातल्या शार्दोनेपुढे फक्त 'बेरी आणि साखर' असं लिहिलं आहे, आणि मला ती वाइन चार वर्षांनी आजही आठवते.

डोळे, नाक, तोंड

ग्लास एकतृतीयांशच भरलेला असावा. पांढऱ्या कागदावर तिरका धरा. व्हाइट फिकट हिरवट दिसते की सोनेरी? रेडच्या कडेला जांभळी झाक आहे की विटकरी? जांभळी म्हणजे बहुधा तरुण, विटकरी म्हणजे वय झालेली. यापलीकडे डोळ्यावर विसंबू नका. फ्रान्समध्ये बोर्दोला वाइनच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. शिकलेल्या नाकालाही डोळा असा ओढून नेतो. म्हणूनच काही यजमान काळे ग्लास ठेवतात.

नाकाचं काम दोनदा करायचं. आधी ग्लास न हलवता, अगदी हळुवार. मग टेबलावरच ठेवून गोल फिरवायचा आणि पुन्हा. पहिल्या वासात जे आलं ते आधी लिहा, कारण नाक लवकर सरावतं आणि मग तेच येईनासं होतं. नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि मग परत ग्लासाकडे या.

इथे नानांची गोष्ट सांगायलाच हवी. एका जानेवारीत आम्ही हे जेवण माहेरच्या मळ्यात केलं. नाना माळकरी, थेंबही घेत नाहीत. ते बाजेवर बसून चहा पीत होते. मी तिसऱ्या ग्लासाशी अडले होते, तो तसाच हातात घेऊन त्यांच्यापाशी गेले. त्यांनी ग्लास हातात घेतला नाही. माझ्याच हातातला ग्लास नाकाशी आला तेव्हा डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ढोबळी मिरचीच्या झाडाची पानं काढली ना, की हाताला वास राहतो. तो हाय ह्यात. घाई केली तोडायला, माई." जग क्रमांक ३ मध्ये कॅबर्ने सोव्हिन्यो होती. ढोबळी मिरचीत आणि कॅबर्नेत पायराझिन नावाची एकाच कुळातली द्रव्यं असतात, आणि मणी पिकत जातो, घडाला ऊन लागतं, तशी ती कमी होतात. त्या बागेत खरंच घाई झाली होती की कॅबर्नेचा तो जातीचाच वास, हे त्या रात्री ठरवता आलं नाही. पण वास त्यांनी नेमका धरला, एक थेंबही तोंडात न घेता. तेव्हापासून कोणी मला विचारलं की मी पीत नाही, मी येऊ का, तर मी म्हणते, जरूर या.

आणि एखादा वास सगळ्यांना येतोय, तुम्हाला नाही, तर घाबरू नका. शिराझमध्ये काळ्या मिरीचा जो वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा. ऑस्ट्रेलियात संशोधकांनी २००८ मध्ये ते शोधलं तेव्हा चाचणीतल्या साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास येतच नव्हता. आमच्या गटातल्या निवृत्त डॉक्टरांना तो येत नाही. ते शिराझ ओळखतात ती तिच्या तोंडातल्या भारदस्तपणावरून.

तोंडात घोट घेतल्यावर गिळायची घाई नको. तो दाढांपर्यंत खेळवा. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर जबड्याच्या मागून लाळ सुटली, तर आंबटपणा भरपूर. हिरड्या आणि ओठांची आतली बाजू कोरडी पडली, कच्चं जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यासारखी, तर ते टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून तोंड खरखरतं. घशात ऊब उतरली तर अल्कोहोल जास्त. गोडपणा मात्र फसवतो. पिकलेल्या फळाचा वास आला की वाइन गोड वाटते, साखर नसतानाही. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. तेव्हाही गोड लागली तर साखर आहे. हा प्रयोग घरी जिरं चावूनही करता येतो. नाक धरलं की जिरं नुसतं कडसर लाकूड लागतं, सोडलं की जिरं होतं.

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळाभर बंद राहिलेल्या माळ्याचा वास आला तर ती बाटली बुचामुळे बिघडलेली असू शकते. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर नाकात शिरलं तरी वाइन बिघडलेली असू शकते, पण ते बुचामुळे नव्हे. हे स्पष्ट सांगा. नवख्या माणसांना वाटतं, आपल्यालाच कळत नाहीये. कळत असतं.

अंदाज बांधताना

नावावर उडी घेऊ नका, पायरीपायरीने उतरा. आंबट आहे की मऊ? लाकडाचा, म्हणजे व्हॅनिला-नारळ-धुराचा वास आहे का? फळ ताजं की शिजवलेलं? यावरून काय काय असू शकत नाही ते आधी खोडा.

बेत भारतीय वाइनचा असेल तर काम बरंच सोपं होतं, कारण आपल्याकडे मोजक्याच जाती मोठ्या प्रमाणावर आहेत. सुला या वाइन कंपनीने नाशिकला बाग लावली आणि २००० साली पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्या शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यो ब्लांच्या. आजही नाशिकची व्हाइट समोर आली की आधी या दोघींत निवड करा. शेनिन पेरू-नाशपतीकडे झुकते, अंगाने जरा गोलसर, कधी किंचित गोड. सोव्हिन्यो हिरवी, कापलेल्या गवताची, लिंबाच्या सालीची. रेडमध्ये शिराझ आणि कॅबर्ने. सांजोवेजे समोर आली तर माझं मन पहिल्यांदा अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीकडे जातं. सोलापूरच्या उन्हात इटालियन जात रुजवण्याचं ते काम मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या वाइनला पिकलेपणा का असतो हे बागेत उभं राहिल्यावर कळतं. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पाऊस सरता सरता सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. घड पिकतात ते जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे थंडीतून ऊन चढत जाताना. उशिरा तोडलं तर साखर वर आणि आंबटपणा खाली. ग्लासात गोडसर पिकलेपण आणि कमी लाळ जाणवली, तर मी वहीत 'उशिराची तोड?' असं प्रश्नचिन्ह टाकून ठेवते.

आणि चुकाल. मी आजही निम्म्या वेळा चुकते. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्यांनी फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या अशाच झाकलेल्या बाटल्या फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या, तेव्हा व्हाइटमध्ये कॅलिफोर्नियाची शातो माँटेलेना आणि रेडमध्ये कॅलिफोर्नियाचीच स्टॅग्ज लीप पहिली आली. ते परीक्षक अडाणी नव्हते. लेबल नसताना त्यांनी ग्लासातलं प्रामाणिकपणे जोखलं, म्हणून तसा निकाल लागला. लेबल दिसत असतं तर कॅलिफोर्निया पहिली आली असती असं मला वाटत नाही.

जेवण कधी, काय

चाखणं आधी, जेवण नंतर. चाखताना टेबलावर फक्त साधा पाव, पाणी आणि थुंकायला प्रत्येकाला एक स्टीलचा पेला. थुंकायची लाज वाटते हे मला माहीत आहे. पण हिशेब करा: ५० मिलीचे सहा ग्लास म्हणजे ३०० मिली, १३ टक्क्यांनी जवळजवळ ३९ मिली शुद्ध अल्कोहोल. पाचव्या ग्लासाला तुमची वही काय सांगेल? पेला तोंडाजवळ न्या, थुंका, रुमालाने ओठ टिपा. दोन वेळा केलं की सवय होते.

मग वही मिटा, उरलेले जग मध्ये ठेवा आणि पानं वाढा. आता नियम सैल. कोथिंबीर वडीला सोव्हिन्यो, तळलेल्या पापलेटलाही तीच. भरल्या वांग्याला शिराझ, पण वांग्यात तिखट बेताचं हवं, कारण तिखट आणि टॅनिन एकमेकांना भडकवतात. घरचा मसाला सढळ असेल तर किंचित गोड शेनिन सगळ्यात निभावून नेते. ठेचा त्या दिवशी ठेवू नका. गोडात पुरणपोळी नको, तिच्यापुढे गोड नसलेली कुठलीही वाइन आंबटढाण लागते. फळं कापा, किंवा भाजलेले काजू द्या.

बाटल्या उघड करायच्या त्या जेवण अर्धं झाल्यावर, एकेक करून. ज्याने ती आणली त्याने तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, हे सगळ्यात अवघड. चुकलेल्याला हसू नका, ओळखणाऱ्याची फार वाहवाही नको. लेबल दिसल्यावर परत एक घोट घ्या आणि तेव्हा वेगळं काय लागलं ते जुन्या ओळीच्या खाली लिहा, वर नाही.

गाडी घेऊन जाऊ नका, थुंकत असलात तरीही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम इतकीच आहे. आमच्यातले सगळे रिक्षाने किंवा मुलांबरोबर परततात. उरलेली वाइन परत बाटलीत ओतून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, एकटीने, जो अंदाज सगळ्यात जास्त चुकला त्याच बाटलीचा अर्धा ग्लास ओता आणि वही उघडून शेजारी ठेवा. ग्लास मात्र नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि धुतलेल्या सुती कापडावर पालथे घाला, कपाटातल्या लाकडी फळीवर नाही. नाहीतर पुढच्या महिन्यात सहाही वाइनना फळीचा वास येईल.